रोहिणीचे पाणी, सिंधूचे पाणी

दरवर्षी ५ जूनला पर्यावरण दिन येतो. त्या दिवशी शाळा-कॉलेजांतून, नगरपालिकांच्या सभागृहांतून आणि टीव्हीवरच्या चर्चांतून एक विचार हमखास ऐकायला मिळतो. तापमानवाढीचे संकट एवढे मोठे आहे, की आता जगातल्या सर्व राष्ट्रांना एकत्र यावेच लागेल. आणि राष्ट्रे एकदा एकत्र आली की युद्धे आपोआप थांबतील. ऐकायला गोड वाटते. बोलणारा माणूसही बहुधा सज्जन असतो. टाळ्या पडतात, एक रोप लावले जाते, फोटो निघतो आणि मंडळी चहाला जातात.

या विचाराची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. युद्ध थांबावे असे ज्याला वाटते तो आपला माणूस आहे. पण कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारायची नाही, ही आपली शिकवण आहे. हे म्हणणे खरे असेल तर बाकीची कामे बाजूला ठेवून आपण त्याच्यामागे लागले पाहिजे. आणि ते अर्धेच खरे असेल तर उरलेले अर्धे कोठे दडले आहे, हे आपल्याला कळले पाहिजे. त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. सिंधू नदीच्या खोऱ्यात ही परीक्षा १९४७ पासून चालू आहे.

फाळणी झाली तेव्हा पंजाबचा नकाशा कापला गेला, तसे कालवेही कापले गेले. पाणी सोडण्याचे दरवाजे भारतात राहिले आणि त्या पाण्यावर पिकणारी शेते पाकिस्तानात गेली. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने काही कालव्यांचे पाणी बंद केले, तेव्हा या भांडणाला तोंड फुटले. पुढे १९५१ साली डेव्हिड लिलिएन्थल नावाचे अमेरिकन गृहस्थ या भागात येऊन गेले. अमेरिकेतल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे ते माजी अध्यक्ष. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर याच टेनेसीचा नमुना होता, हे आपल्या वाचकांना माहीत असेलच. लिलिएन्थल यांनी सुचवले, की संपूर्ण सिंधू खोरे एक समजा आणि दोन्ही देशांनी मिळून त्याचा कारभार पाहा. नदी एक, कारभार एक. आजच्या पर्यावरण दिनाच्या भाषणात शोभेल अशीच ही सूचना होती.

प्रत्यक्षात काय झाले? जागतिक बँकेच्या मध्यस्थीने अनेक वर्षे वाटाघाटी चालल्या आणि १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंतप्रधान नेहरू आणि अयूब खान यांनी करारावर सह्या केल्या. या कराराने खोरे एक केले नाही. नद्यांचीच वाटणी केली. रावी, बियास, सतलज या पूर्वेकडच्या तीन नद्या भारताला आणि सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडच्या तीन पाकिस्तानला. जमिनीनंतर पाण्याची फाळणी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

तरीही हा करार टिकला, हे मान्य केले पाहिजे. १९६५ चे युद्ध झाले, १९७१ चे झाले, १९९९ साली कारगिल झाले. रणगाडे धावले, विमाने पडली, पण सिंधूचा करार कोणी मोडला नाही. दोन्ही बाजूंना एकेक आयुक्त, दोघांचा मिळून आयोग, वर्षातून निदान एक बैठक, पटले नाही तर तटस्थ तज्ज्ञ, त्यापुढे लवाद, अशी त्याची रचना होती. जगभरच्या विद्वानांनी या कराराचे गोडवे गायले. मात्र एक गोष्ट या गोडव्यात झाकली गेली. करार टिकला याचा अर्थ युद्धे टळली असा नव्हता. सहकार्य आणि युद्ध ही दोन्ही कामे दोन्ही सरकारांनी एकाच वेळी, वेगवेगळ्या खात्यांतून, बिनबोभाट चालवली.

आणि अखेर टिकण्यालाही मर्यादा निघाली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांची हत्या केली. या नीच कृत्याचा निषेध करायला कोणाच्या शिकवणीची गरज नाही. दुसऱ्याच दिवशी भारत सरकारने सिंधू करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या दिवशी पाकिस्तानने सांगितले, की पाणी अडवले तर आम्ही ते युद्धाचे कृत्य समजू. मे महिन्यात चार दिवस दोन्ही देशांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि तोफगोळे टाकले. पूंछमध्ये घरात बसलेली माणसे मेली. तीन युद्धांत न मोडलेला करार चौथ्या वेळी पहिल्या चोवीस तासांत बाजूला पडला.

यात हवामानाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. १९६० च्या करारात हवामान बदल हा शब्दच नाही, कारण तेव्हा हिमनद्या आहेत तशाच राहणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. सिंधूचे पाणी मोठ्या प्रमाणावर बर्फ आणि हिमनद्या वितळून येते. ते बर्फ लवकर वितळू लागले, की आधी पूर येतात आणि पुढे पाणी आटण्याची भीती असते. भारताने जानेवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये करार बदलण्याची नोटीस दिली. २०२४ च्या नोटिशीत बदललेली लोकसंख्या, पर्यावरण आणि स्वच्छ ऊर्जेची गरज ही कारणे होती. म्हणजे ज्या संकटाने राष्ट्रे एकत्र येतील असे भाषणात सांगतात, त्याच संकटाने इथे जुना करार अपुरा ठरवला. आणि नवा करार करण्याची गरज नेमकी अशा वेळी निर्माण केली, जेव्हा एकमेकांवरचा विश्वास तळाला गेला होता.

याहून बोलके उदाहरण सियाचीनचे. १९८४ च्या एप्रिलपासून दोन्ही देशांच्या फौजा या हिमनदीच्या परिसरात समोरासमोर उभ्या ठाकल्या. तिथे गोळीने जेवढे सैनिक मेले त्याहून अधिक थंडीने, विरळ हवेने आणि हिमकडे कोसळून मेले. ७ एप्रिल २०१२ रोजी गयारी येथे बर्फाचा कडा कोसळून पाकिस्तानच्या छावणीतली १४० माणसे गाडली गेली. २०१६ च्या फेब्रुवारीत आपले १० जवान असेच बर्फाखाली गेले. दोन्ही बाजूंनी शत्रू म्हणून समोरच्या देशाकडे बोट दाखवले, आणि मारत होता तो डोंगर. त्या उंचीवर माणूस जिवंत ठेवायचा तर रॉकेल जाळावे लागते, हेलिकॉप्टर उडवावे लागते आणि कचरा तिथेच टाकावा लागतो. ही हिमनदी वितळून नुब्रा नदी होते, नुब्रा श्योकला मिळते आणि श्योक सिंधूला. ज्या पाण्यासाठी भांडायचे, त्याच पाण्याच्या उगमावर दोन फौजांचा तळ! २००५ साली पंतप्रधान मनमोहन सिंग सियाचीनला गेले होते, तेव्हा या जागेचा शांतीचा पर्वत व्हावा असे ते म्हणाले होते. पण फौजा हलल्या नाहीत.

आता थोडे जगाकडे पाहू. १९९७ साली क्योटोचा करार झाला. कोणत्या देशाने किती धूर सोडला याचा हिशेब त्यात ठेवायचा होता. त्या हिशेबातून परदेशातल्या लष्करी मोहिमांचा आणि लढाऊ जहाजे-विमानांच्या बऱ्याचशा इंधनाचा धूर वगळला गेला, आणि तो अमेरिकेच्या आग्रहाने वगळला गेला. २०१५ च्या पॅरिस करारात ही सूट सरसकट राहिली नाही, पण लष्कराचा आकडा देणे ऐच्छिक ठेवले गेले. ज्याला वाटेल त्याने सांगावे! ब्रिटनमधल्या दोन अभ्यासगटांनी २०२२ मध्ये अंदाज काढला, की जगातल्या सर्व फौजांचा धूर मिळून एकूण धुराच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास असावा. अंदाजच, कारण खरा आकडा कोणी देत नाही. गावात सर्वांच्या चुली मोजायच्या आणि पाटलाच्या वाड्यातली भट्टी मोजायची नाही, असा हा प्रकार आहे.

पैशाचेही तसेच. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जगाने लष्करावर २,७१८ अब्ज डॉलर खर्च केले. त्याच वर्षी बाकू येथे भरलेल्या हवामान परिषदेत श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांना वर्षाला ३०० अब्ज डॉलर मिळवून देण्याचे कबूल केले, तेही २०३५ पर्यंत. आधी २००९ साली कोपनहेगनला १०० अब्जांचे वचन दिले होते. त्याची मुदत २०२० ची होती आणि त्यांच्याच हिशेबाने ते पुरे व्हायला २०२२ उजाडले. अमेरिका तर पॅरिस करारातून २०२० मध्ये बाहेर गेली, २०२१ मध्ये आत आली आणि २०२५ च्या जानेवारीत तिने पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला.

मग सहकार्य कधी जमलेच नाही का? जमले आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियलचा करार झाला, तेव्हा शीतयुद्ध संपलेले नव्हते. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया दोघांनीही त्यावर सह्या केल्या. भारताने मात्र आधी हात राखून ठेवला. आम्ही थोडा वायू वापरणार आणि कारखाने बदलायचा खर्चही आम्हीच सोसणार, हे आम्हाला मान्य नाही, असे भारताचे म्हणणे होते. १९९० मध्ये गरीब देशांसाठी निधी उभा करण्याचे ठरले आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. हा करार यशस्वी झाला, कारण त्यात बिघडवणाऱ्याने भरपाई करावी हे तत्त्व थोडेफार तरी मान्य झाले. पण युद्ध? मॉन्ट्रियलला सह्या होत होत्या तेव्हा इराण-इराक युद्धाचे सातवे वर्ष चालू होते. ओझोनचे भोक बुजवण्याच्या कामाने एकही तोफ थंड झाली नाही. उलट दिशेची वाट मात्र सोपी आहे. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला आणि आठवडाभरात उत्तर ध्रुवाच्या परिषदेतल्या उरलेल्या सातही देशांनी कामकाज थांबवले. बर्फ मात्र वितळायचे थांबले नाही.

इथे आपण मूळ मुद्द्यापाशी येतो. टंचाईतून युद्ध होते, म्हणून टंचाई दूर केली की युद्ध संपेल, असा हा सगळा युक्तिवाद आहे. २००७ साली संयुक्त राष्ट्रांचे त्या वेळचे सरचिटणीस बान की मून यांनी सुदानमधल्या दारफुरच्या कत्तलींचे मूळ पावसाच्या अभावात असल्याचे लिहिले. पाऊस कमी झाला होता, हे खरेच. गुरेवाले आणि शेतकरी यांच्यात ओढाताण होती, हेही खरे. पण जंजावीद टोळ्यांना बंदुका ढगांनी दिल्या नव्हत्या. त्या खार्टुमच्या सरकारने दिल्या होत्या. दुष्काळाच्या माथी खापर फोडले, की बंदूक देणारा सुटतो.

आपल्याला तर हे कोणी सांगायलाच नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यात पाण्याची टंचाई नव्हती. तळे भरलेले होते. गुरे त्यात पाणी पीत होती. तरी त्या पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांची डोकी फोडली गेली आणि पुढे हायकोर्टाचा निकाल येईपर्यंत दहा वर्षे गेली. पाणी भरपूर असूनही हिंसा झाली, कारण भांडण पाण्याचे नव्हतेच. पाणी कोणाच्या मालकीचे, कोणी आधी घ्यायचे आणि कोणी ओंजळ पसरून उभे राहायचे, हा प्रश्न होता. हवामान बिघडल्याने पाणी कमी होईल, हे शास्त्रज्ञ सांगतील. ते कमी झालेले पाणी कोणाच्या वाट्यातून कमी करायचे, हे मात्र सत्ता ठरवील.

याच कारणाने बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जुनी कथा बाजूला ठेवली. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून तो घराबाहेर पडला, ही कथा त्यांना पटली नाही. त्यांनी रोहिणी नदीचे प्रकरण पुढे आणले. शाक्य आणि कोलिय या दोन्ही राज्यांची शेती रोहिणीच्या पाण्यावर होती आणि आधी पाणी कोणी घ्यायचे यावरून दर हंगामाला तंटा होई. सिद्धार्थ २८ वर्षांचा असताना मोठी मारामारी झाली. ती कोणाकोणात झाली? दोन्हीकडच्या नोकरांत. मालकांत नव्हे. जखमी नोकर झाले आणि युद्धाचा ठराव सेनापतीने मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन माणसे आपली, दोन त्यांची, या चौघांनी निवडलेला पाचवा, आणि या पाचांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. सिंधू करारातला आयुक्त, तज्ज्ञ आणि लवाद यांच्याशी ती ताडून पाहा. बहुमताने ती फेटाळली गेली आणि सिद्धार्थाने देशत्याग पत्करला.

पण बाबासाहेबांची कथा तिथे थांबत नाही, आणि आपल्या सभांतून पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. सिद्धार्थ बाहेर पडल्यावर शाक्य-कोलियांचा समेट झाला, पाण्याच्या तंट्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमायचे ठरले. ही बातमी त्याला राजगृहात कळली. आता परत जायला हरकत नव्हती. तो परतला नाही. कारण विचार करता त्याच्या ध्यानात आले, की राष्ट्राराष्ट्रांतला झगडा अधूनमधून पेटतो, पण वर्गावर्गांतला झगडा अखंड चालू असतो आणि दुःखाचे मूळ तिथे आहे. लवाद मंडळ झाले म्हणून काम संपले असे बाबासाहेबांच्या सिद्धार्थाने मानले नाही. करार युद्ध थांबवू शकतो, एवढे त्यांनी मान्य केले. युद्ध जिथून जन्मते त्याला करार हात लावत नाही, हेही त्यांनी दाखवले.

ही कसोटी पुन्हा सिंधूला लावू. नदीच्या शेपटाला सिंध प्रांत आहे. तिथला सक्करचा बराज आपल्याच मुंबई सरकारने बांधला, १९३२ मध्ये पुरा केला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. आज त्या कालव्यांच्या टोकाला जमीनदारांच्या शेतात राबणारे हारी आहेत. त्यांच्यात भिल्ल, कोल्ही, मेघवाड या जातींची माणसे मोठ्या संख्येने आहेत. पाकिस्तानच्या जनगणनेतही त्यांची नोंद अनुसूचित जाती म्हणूनच होते. देश बदलला, धर्माचे राज्य बदलले, जात काही बदलली नाही. २०२२ च्या महापुरात पाकिस्तानात १,७०० हून अधिक माणसे मेली, ३ कोटी ३० लाख लोकांना झळ बसली आणि सर्वांत वाईट हाल सिंधचे झाले. जगाच्या धुरात पाकिस्तानचा वाटा एक टक्काही नाही. त्या टक्क्यातही या हाऱ्याचा वाटा किती असेल? पाणी जास्त आले तेव्हा त्याचे झोपडे गेले आणि पाणी कमी येते तेव्हा त्याचेच शेत कोरडे राहते. त्याचे भांडण भारताशी होण्याआधी वरच्या पंजाब प्रांताशी आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे करार स्थगित झाला त्याच महिन्यात, सिंधूवर काढायच्या नव्या कालव्यांविरुद्ध सिंधी जनता रस्त्यावर उतरलेली होती.

अलीकडच्या बाजूला या. करार स्थगित झाला तेव्हा आपल्या वाहिन्यांवर जल्लोष झाला, की आता आपले पाणी आपल्या शेतकऱ्याला मिळणार. कोणत्या शेतकऱ्याला? २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतीय पंजाबात सुमारे ३२ टक्के लोक अनुसूचित जातींचे आहेत. देशात हे प्रमाण सर्वाधिक आहे. त्यांच्या नावावरची शेतजमीन नगण्य आहे. गावच्या सामाईक जमिनीतला तिसरा हिस्सा त्यांना कसायला देण्याची तरतूद कायद्यात आहे, तर तोही मिळवण्यासाठी संगरूर जिल्ह्यात त्यांना आंदोलने करावी लागली आणि मार खावा लागला. पाणी जमिनीच्या मागे जाते. ज्याला जमीन नाही त्याच्या घरी सिंधू आणली काय आणि चिनाब आणली काय, त्याच्या घागरीत फरक पडत नाही. सीमेपलीकडचा कोल्ही आणि अलीकडचा मजहबी यांची एकमेकांशी ओळखही नाही. पण दोघांच्या नावाने दोन सरकारे पाण्यासाठी लढायला तयार असतात.

म्हणून हवामानाच्या सहकार्याने युद्ध संपेल का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की ते सहकार्य कोण कोणाशी करतो यावर सगळे अवलंबून आहे. दोन राजधान्यांनी आपसात केलेले सहकार्य दोन राजधान्यांच्या मर्जीवर चालते आणि मर्जी फिरली की एका पत्रकाने थांबते. ते टिकवायचे तर ज्यांचे पोट त्यावर आहे, त्यांचा त्यात हक्क आणि आवाज पाहिजे. १९६० च्या करारात आयुक्त कोण असावा हे लिहून ठेवले आहे: साधारणपणे जलशास्त्र जाणणारा वरिष्ठ अभियंता. अभियंता हवाच, त्याच्याशिवाय पाणी मोजता येणार नाही. पण केव्हा तरी हे दोन देश पुन्हा बोलायला बसतीलच. पाणी त्यांना बसवील. तेव्हा हिमनद्या, पूर आणि नवा वाटा हे विषय निघतील. सियाचीनवर जळणाऱ्या रॉकेलचा हिशेब त्यात घेणार की नाही, कालव्याच्या टोकाच्या माणसासाठी एखादी खुर्ची ठेवणार की नाही, आणि ठेवली तर तिच्यावर खरोखर टोकाचाच माणूस बसवणार की त्याच्या जमीनदाराला, हे प्रश्न आतापासूनच दिल्लीत विचारले गेले पाहिजेत. पाकिस्तानात ते कराची-हैदराबादचे लोक विचारत आहेत. आपल्याकडे ते विचारणारी संघटना अजून माझ्या पाहण्यात नाही.